घडणावळ

मामा तीन महिन्यांसाठी लंडनला आला तेव्हा त्याच्या बॅगेत मामीने दिलेली भाजणी होती, गोडा मसाला होता आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं एक पिवळं पडलेलं पान होतं. पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, मामाने चौतीस वर्षं काढली. तिथल्या त्याच्या टेबलाच्या काचेखाली हे पान असायचं. कुठल्याशा इंग्रजी मासिकातून कापलेलं. त्यावर एका मोटारीच्या पोटातलं सगळं दाखवणारं चित्र होतं: ड्रायव्हरची खुर्ची बरोबर मधोमध, तिच्या जरा मागे डाव्या-उजव्या अंगाला एकेक खुर्ची आणि त्यांच्या पाठीशी बारा सिलिंडरचं इंजिन. मॅक्लारेन एफ वन.

माझं काम मोटारींची किंमत ठरवण्याचं. एका विमा कंपनीसाठी मी ते करते. आपल्या रोजच्या गाडीचा विमा बाजारभावाने उतरवतात, पण जगात ज्या गाड्या पन्नास-शंभरच आहेत त्यांना बाजारभाव असा नसतोच. म्हणून मालक आणि कंपनी आधीच एक रक्कम ठरवून घेतात. उद्या गाडी जळाली तर तेवढी द्यायची, घासाघीस नाही. ती रक्कम कागदावर चढण्याआधी कुणीतरी गाडी डोळ्यांखालून घालावी लागते, तिची कागदपत्रं वाचावी लागतात. ते मी करते.

या कामाबद्दल मामाने आजवर काही विचारलं नव्हतं. विचारलं ते ब्रुकलँड्सला गेलो त्या दिवशी. सरे परगण्यातल्या वेब्रिजजवळ १९०७ साली बांधलेला हा जगातला पहिला खास मोटारींसाठीचा धावमार्ग. त्याच्या काँक्रीटच्या उतरत्या कडा अजून काही ठिकाणी उभ्या आहेत, भेगांतून गवत आलेलं आहे. मामाने काँक्रीटवर तळहात फिरवला आणि तिथेच बसला. एफ वन जिथे बनली ते वोकिंग तिथून फार लांब नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने पिशवीतून पान काढलं.

"ही आज कितीला?"

"२०२१ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या लिलावात एक गेली. २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलर."

"रुपयांत बोल."

"दीडशे कोटी."

तो दचकेल असं मला वाटलं होतं. भारतातून आलेल्या प्रत्येकाला मी हा आकडा सांगते आणि प्रत्येक जण आधी हसतो, मग चिडतो. मामाने तसं काहीच केलं नाही. "आणि नवी होती तेव्हा?" एवढंच विचारलं.

"५ लाख ४० हजार पौंड, कर वेगळा. तेव्हाच्या भावाने अडीच कोटींच्या आसपास."

"तेव्हा स्वस्त होती," तो म्हणाला. "आता महाग झालीय."

मला नेमकं उलटं वाटत होतं, आणि तिथून आमचं सुरू झालं ते घरी पोचून जेवणं होईपर्यंत थांबलं नाही.

"मामा, तेव्हा ती स्वस्त कशी? मोनॅकोला मे १९९२ मध्ये तिचं अनावरण झालं. तीनशे बनवायचा विचार होता. मंदीचे दिवस, गिऱ्हाईक मिळेना. १९९८ ला कारखाना थांबला तेव्हा नमुन्याच्या आणि शर्यतीच्या धरून एकूण १०६ झाल्या होत्या. रस्त्यावरच्या साध्या रूपातल्या फक्त ६४. त्या किमतीला लोक ती घेत नव्हते, म्हणजे ती किंमत त्यांना जास्त वाटत होती."

"लोकांना जास्त वाटली म्हणून वस्तूत कमी होतं का?" मामा म्हणाला. "तुझ्या आजीच्या पाटल्या मोडल्या तेव्हा तू लहान होतीस. ताईच्या, म्हणजे तुझ्या आईच्याच लग्नाचं कर्ज होतं. सोनाराने काट्यावर टाकल्या, तूट धरली, सोन्याचा भाव दिला. घडणावळ शून्य. त्या पाटल्यांवरची वेलबुट्टी ज्याने कोरली त्याच्या हाताचं काय झालं? मुशीत वितळलं. मी सोळा-सतरा वर्षांचा होतो, सोनाराच्या दुकानात आईबरोबर उभा होतो. तेव्हापासून कुठलीही वस्तू बघितली की मी आधी घडणावळ बघतो. आणि या गाडीत सगळी घडणावळच आहे. माल काय आहे त्यात? कार्बनचं कापड, राळ, अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम. भंगारात काढलीस तर किती येतील?"

"सोनं आहे की! इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा पत्रा आहे."

"सोळा ग्रॅम," मामा म्हणाला. "त्यात आजीची एक पाटलीसुद्धा झाली नसती. उष्णता परतवायला सोनं फार चांगलं आणि मागे कार्बनचं अंग आहे, ते तापू द्यायचं नाही, म्हणून लावलंय. दिसावं म्हणून लावलं असतं तर बाहेर लावलं असतं. तुमच्या लिलावाच्या पुस्तकात मात्र पहिल्या परिच्छेदात सोनं येत असणार."

येतंच. मी नाही म्हणू शकले नाही.

एफ वन आखणाऱ्या गॉर्डन मरेचं मामाला फार कौतुक. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा हा मुलगा लोटसमध्ये नोकरी मिळेल या आशेने १९६९ साली इंग्लंडला आला. तिथे जमलं नाही, ब्रॅबॅममध्ये चिकटला आणि पुढे फॉर्म्युला वनच्या गाड्यांचा आराखडाकार म्हणून नावाजला. १९८८ साली तो मॅक्लारेनमध्ये होता. त्या वर्षी सोळा शर्यतींपैकी पंधरा मॅक्लारेनने जिंकल्या आणि हरली ती एकच, इटलीत मोन्झाला. त्या शर्यतीनंतर मिलानच्या विमानतळावर विमानाला उशीर झाला म्हणून रॉन डेनिस, मन्सूर ओज्जे, क्राइटन ब्राउन आणि मरे हे चौघं बसून होते, आणि तिथे रस्त्यावर चालणाऱ्या मोटारीची गोष्ट निघाली. मामा हे असं सांगतो, जणू पाचवा तिथे तोच होता.

"मरेने इंजिन मागताना बीएमडब्ल्यूला काय सांगितलं? साडेपाचशे अश्वशक्ती पाहिजे आणि वजन अडीचशे किलोच्या वर नको. पॉल रोशेने दिलं ६२७ चं, पण वजन झालं २६६. सोळा किलो जास्त! मी त्या सोळा किलोंचा विचार करतो. त्या माणसाने गाडीत रेडिओ बसवू दिला नाही. सीडीचा प्लेअर हलका करून घेतला, पान्यांचा संच टायटॅनियमचा केला. स्टीअरिंगला पॉवर नाही, ब्रेकला सर्व्हो नाही, एबीएस नाही. एवढं करून पूर्ण गाडी ११३८ किलो. म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या एखाद्या मध्यम गाडीएवढी, आणि मागे सहा लिटरचं इंजिन. हे प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बसून, तोलून, परत करून आणलंय. एक गाडी व्हायला साडेतीन महिने लागायचे. पाच लाख पौंड ही मला मजुरी वाटते, किंमत नव्हे. म्हणून म्हटलं स्वस्त."

"मग आजच्या दीडशे कोटींत काय वाईट? घडणावळच तर वाढली."

"घडणावळ कशी वाढेल? गाडी तीच आहे. १९९४ साली जितक्या तासांचं काम तिच्यात होतं तितकंच आज आहे. पौंडांत मोज. महागाई धर, दुप्पट कर. बाकीची पंचवीस पट कुणाच्या हातची?"

हा प्रश्न मला कामावरही पडतो, पण कुणी तोंडावर विचारत नाही. मी त्याला माझं उत्तर दिलं. १९९४ चा गिऱ्हाईक भरवशावर पैसे देत होता. कंपनीने तोवर विक्रीसाठी रस्त्यावरची गाडी बनवली नव्हती. पूर्ण सांगाडा कार्बन फायबरचा करून रस्त्यावर आणणं तेव्हा नवीनच होतं. ती टिकेल का, सुटे भाग मिळतील का, कंपनी तरी राहील का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आज सगळं ठाऊक आहे. १९९५ ला ती ल मांच्या शर्यतीत उतरली. मरेने ती शर्यतीसाठी आखलीच नव्हती, मालकांनी हट्ट धरला म्हणून शर्यतीचं रूप केलं. पावसात चोवीस तास चालून पहिली आली, आणि तिसरी, चौथी, पाचवी, तेरावीही तीच. १९९८ च्या मार्चमध्ये जर्मनीत एरा-लेसिनच्या धावपट्टीवर अँडी वॉलेसने तिला ताशी ३८६ किलोमीटरवर नेलं आणि तो विक्रम २००५ पर्यंत टिकला. आजचा गिऱ्हाईक ही सगळी खात्री विकत घेतो.

"ल मां जिंकल्यावर बाकीच्या गाड्यांत एक नट तरी वाढला का?" मामा.

"दहावीचा निकाल लागल्यावर मुलाच्या डोक्यात तरी काय वाढतं? पण निकालाआधी त्याला कुणी ओळखत नसतं."

"ओळख वाढली म्हण. किंमत वाढली म्हणू नकोस."

"मामा, माझ्या धंद्यात ते दोन वेगळे शब्द नाहीत."

"मग धंद्यात गडबड आहे," तो म्हणाला. चिडून नव्हे, मोजपट्टीतली चूक दाखवावी तसं. आणि त्याने मला विचारलं, आकडा नेमका काढतेस कसा?

मी सांगितलं. चॅसी नंबर, इंजिन मूळचं तेच आहे का, मालकांची साखळी, सर्व्हिसच्या नोंदी, अपघात, मूळ रंग, मूळ पान्यांची पेटी आणि बॅगा आहेत का. मग तशाच गाड्या अलीकडे कितीला गेल्या ते. एफ वनचं म्हणशील तर उघड लिलावातले ठळक आकडे तीन. २०१७ मध्ये १ कोटी ५६ लाख डॉलर, २०१९ मध्ये १ कोटी ९८ लाख, २०२१ मध्ये २ कोटी ४ लाख.

"तिन्ही गाड्या सारख्या?"

"नाही. २०१९ ची ल मांच्या धर्तीवर वाढवलेली होती. २०२१ ची जवळजवळ न चालवलेली."

"म्हणजे तीन ठिपके, तेही तीन वेगळ्या मापांचे, आणि त्यातून तू रेष ओढतेस." मामाने पानाच्या कोपऱ्यावर नखाने तीन खुणा केल्या. "आमच्याकडे कुणी असा कागद आणला असता तर मी म्हटलं असतं, अजून मोजून या."

मी त्याला एक गोष्ट आणखी सांगितली, कारण लपवण्यात अर्थ नव्हता. लिलावात किंमत पहिल्या माणसावर ठरत नाही, दुसऱ्यावर ठरते. ज्याला गाडी मिळते तो कितीपर्यंत गेला असता हे कधीच कळत नाही. आकडा लिहिला जातो तो हरणाऱ्याने जिथे हात खाली केला तिथला. त्या दिवशी तो दुसरा माणूस आजारी असता, तर माझ्या तक्त्यातला ठिपका खाली असता आणि जगातल्या सगळ्या एफ वन त्या संध्याकाळी स्वस्त झाल्या असत्या.

मामाने यावर काही म्हटलं नाही. पान घडी करून ठेवलं. आम्ही उठलो.

गाडीत बसल्यावर विषय टंचाईवर गेला. तो मीच काढला. गाड्यांच्या जगात 'इतक्याच बनवणार' ही घोषणा आता नेहमीची झाली आहे. फेरारीने १९९५ साली एफ फिफ्टी काढली तेव्हा ३४९ बनवायच्या ठरवल्या, कारण त्यांच्या अंदाजाने ३५० खपल्या असत्या. मागणीहून एक कमी.

"हे तर चाळीतल्या कांद्यासारखं झालं," मामा म्हणाला. "नाशिककडे भाव चढेपर्यंत कांदा चाळीत ठेवतात. शेतकऱ्याचं मी समजू शकतो, त्याला वर्षभर खायचं असतं. पण तो कांदा दुर्मीळ आहे असं कुणी म्हणत नाही. दार उघडलं की कळतं किती आहे."

"आणि एफ वन?"

"ती दुष्काळातली टंचाई. त्यांना तीनशे करायच्या होत्या, झाल्या नाहीत. शंभरच झाल्या त्या कुणी ठरवून नव्हे."

हा भेद मला पटला, आणि तो मी तेव्हापासून वापरते. संख्या कमी आहे, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ती कमी का आहे ते बघावं लागतं. हातांना इतकंच जमलं म्हणून? गिऱ्हाईक आलं नाही म्हणून? की दार लावून घेतलं म्हणून? बुगाटी व्हेरॉनच्या ४५० झाल्या. जाणकारांच्या हिशेबात प्रत्येक गाडीमागे कंपनीला काही दशलक्ष युरोंचा तोटा होता, तरी ती एका माणसाच्या, फर्डिनांड पीएखच्या, हट्टाने तडीस गेली. तिथे गिऱ्हाईकाने दिले त्याहून जास्त पैसे वस्तूत गेले आहेत. मामाच्या हिशेबाने ती स्वस्तच. जाड, जड, मामाला न आवडणारी, पण स्वस्त.

पण याच मापाने त्याचा देवही अडचणीत येतो आणि मी ते सोडून दिलं नाही. गॉर्डन मरेने २०२० मध्ये स्वतःच्या कंपनीची टी फिफ्टी दाखवली. पुन्हा मधली खुर्ची, पुन्हा बारा सिलिंडर. कॉसवर्थने बनवलेलं चार लिटरचं इंजिन मिनिटाला १२,१०० फेऱ्यांपर्यंत चढतं, गाडीचं वजन हजार किलोच्या आत, आणि मागे चाळीस सेंटिमीटर व्यासाचा पंखा, जो गाडीखालची हवा ओढून तिला रस्त्याला चिकटवून ठेवतो. असा पंखा मरेने १९७८ मध्ये ब्रॅबॅमला लावला होता. स्वीडनला निकी लाउडा त्या गाडीने जिंकला आणि ती पुन्हा शर्यतीत उतरलीच नाही. टी फिफ्टी फक्त १००. किंमत २३ लाख ६० हजार पौंड, कर वेगळा. गाडी तयार होण्याआधीच सगळ्या विकल्या गेल्या.

"शंभरच का, मामा? दोनशे का नाही?"

तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. "शंभर हा आकडा दुकानदाराचा आहे," शेवटी म्हणाला. "आतली गाडी मरेची. दोन्ही खरं आहे. मला ते आवडत नाही, पण खरं आहे."

रात्री जेवताना मी त्याला त्या पेबल बीचच्या गाडीबद्दल सविस्तर सांगितलं. तिचा रंग तपकिरी, विमानतळावरच्या त्या चौघांतल्या क्राइटन ब्राउनच्या नावाचा. जपानमधल्या संग्राहकाकडे होती. एवढ्या वर्षांत चालली किती? ३९० किलोमीटर.

मामाने घास खाली ठेवला. "पुणे-मुंबई जाऊन आलं आणि थोडं वर. तेवढंच?"

"म्हणून तर त्या तिघींत तिला सगळ्यांत जास्त आले."

"तुझ्या मामीची पैठणी आठवते? लग्नातली. तिने ती ट्रंकेत जपली, नेसली नाही, मोडेल म्हणून. वीस वर्षांनी काढली तर घड्यांवर विरली होती. नेसली असती तर टिकली असती, निदान दर वर्षी घडी बदलली असती तरी. यंत्राचंही तेच. सील सुकतात, तेल खाली बसतं, सिलिंडरची भिंत कोरडी पडते. या गाडीची तर पेट्रोलची टाकी रबरी पिशवीची आहे. चालवा न चालवा, दर पाच वर्षांनी इंजिन उतरवून ती बदलावी लागते. चालवायची नाही ती गाडी जिवंत ठेवायला केवढी मेहनत! ही घडणावळ नव्हे, मामीची ट्रंक आहे."

इथे मी त्याच्याशी ठाम असहमत आहे आणि आजही राहीन. पोथीची मूळ प्रत कुणी रोज वाचायला घेत नाही. ती असते म्हणून बाकीच्या प्रतींतले पाठ तपासता येतात. ३९० किलोमीटर चाललेल्या गाडीवर कारखान्याने दिलेला रंग आहे, कारखान्याने घातलेले टाके आहेत, खुर्चीच्या फोमचा मूळ कडकपणा आहे, नळ्यांवर मूळ खुणा आहेत. उद्या उरलेल्यांपैकी एखादी दुरुस्त करायची झाली तर 'असं होतं' हे दाखवायला ही एक आहे. सगळ्याच तशा ठेवल्या तर तो अपराध होईल. एक-दोन ठेवल्या तर ती पुढच्यांची सोय आहे.

"एक," मामा म्हणाला. "दोन नको."

मग मी त्याला दुसऱ्या टोकाची गाडी सांगितली. रोवन अॅटकिन्सन, आपला मिस्टर बीन. त्याने १९९७ मध्ये एक एफ वन ६ लाख ४० हजार पौंडांना घेतली आणि चालवली, सुमारे ६६ हजार किलोमीटर. दोनदा ठोकली. दुसऱ्यांदा, २०११ मध्ये, रस्ता सोडून झाडावर गेली. विमा कंपनीने दुरुस्तीला ९ लाख १० हजार पौंड दिले, गाडीच्या खरेदीहून जास्त. मॅक्लारेननेच वर्षाहून अधिक वेळ घेऊन ती उभी केली. आणि २०१५ मध्ये त्याने ती विकायला काढली तेव्हा किंमत मागितली ८० लाख पौंड.

मामाचा चेहरा उजळला. "ठोकलेली?"

"दोनदा ठोकलेली, ६६ हजार चाललेली. आता माझं ऐक. माझ्यासारख्या कुणीतरी त्या वेळी हिशेब मांडला असणार. गाडीची किंमत पाच लाख पौंडच राहिली असती तर कुणी नऊ लाखांची दुरुस्ती केली नसती. निकाली काढून सुटे भाग विकले असते. किंमत वाढलेली होती म्हणून ती वाचली. म्हणून तो कार्बनचा सांगाडा परत जोडणाऱ्या लोकांना काम मिळालं, म्हणून ते काम येणारे लोक अजून आहेत. तू म्हणतोस ती पंचवीस पट कुणाच्या हातची? थोडी त्यांच्या हातची आहे, मामा. किंमत असते म्हणून वस्तू सांभाळली जाते."

तो काही बोलला नाही. मला वाटलं पटलं. मग त्याने ताट बाजूला सरकवलं आणि जे सांगितलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आईनेही नाही.

त्याच्या टूलरूममध्ये एक जिग बोरिंग मशीन होतं, स्वित्झर्लंडचं, साठच्या दशकातलं. त्याच्यासाठी वेगळी खोली, वेगळा पाया, उन्हाळा असो की पावसाळा, खोलीचं तापमान एकच. मायक्रॉनमधलं काम. त्यावर हात बसायला मामाला सहा वर्षं लागली आणि पुढची वीस वर्षं त्या खोलीची किल्ली त्याच्याकडे होती. संगणकावर चालणारी यंत्रं आली, टूलरूम बंद करायचं ठरलं. त्या दिवशी मामाने सकाळी नेहमीसारखं त्याला तेल दिलं, फडक्याने पुसलं. दुपारी भंगारवाल्याचा टेंपो आला, क्रेन आली. मशीन काट्यावर गेलं.

"किलोवर विकलं," मामा म्हणाला. "पाटल्यांसारखं. तेव्हाही बिघडलेलं नव्हतं. पुढची तीस वर्षं चाललं असतं. त्याला तुझ्यासारखं कुणी नव्हतं, गं. कुणीतरी येऊन, कागदपत्रं बघून आकडा लिहिणारं."

मला काय बोलावं ते सुचेना. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "म्हणून तुझं मी नाकारत नाही. किंमत नसली की वस्तू जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण किंमत फार झाली की तिचं काम जातं. ती ३९० किलोमीटरवाली बघ. मशीन मेलं ते एका तऱ्हेने, ही मेली दुसऱ्या तऱ्हेने. तुला आकडा लिहायचाच असतो, तर असा लिहिता येत नाही का की वस्तूही राहावी आणि तिचं कामही?"

"बाजार किलोमीटर मोजतो, मामा. जास्त चालली की कमी पैसे."

"बाजार वजन मोजतो, किलोमीटर मोजतो. जे काट्यावर बसतं ते मोजतो. तू बाजारापेक्षा जास्त शिकलेली आहेस."

दोन आठवड्यांनी मला मध्य इंग्लंडात एक गाडी बघायला जायचं होतं. नाव सांगता येणार नाही. तिच्या जातीच्या जगात पन्नाससुद्धा नाहीत. मामाला बरोबर येता येणार नव्हतं. निघताना त्याने एवढंच सांगितलं, "इंजिनातलं तेल शेवटचं पूर्ण गरम कधी झालं ते विचार. मालकाला नको, जो सांभाळतो त्याला."

सांभाळणारा मेकॅनिक सत्तरीचा असेल. मी विचारलं तसा तो आत गेला आणि कडक पुठ्ठ्याची एक वही घेऊन आला. गेली एकवीस वर्षं, दर महिन्याला एकदा, चाळीस मिनिटं. तारीख, तेलाचं तापमान, टायरची हवा, कुठे आवाज आला, तो का आला, काय केलं. मधे मालक दोनदा बदलला होता, वही तीच होती. या दरमहाच्या चालवण्यामुळे गाडीच्या मीटरवर, बाजाराला आवडतील त्याहून कितीतरी जास्त किलोमीटर चढले होते. मी तिथे लाकडी बाकावर बसून ती वही जवळजवळ पूर्ण वाचली. कामाच्या अकरा वर्षांत मी एवढा वेळ कुठल्याच कागदाला दिला नव्हता.

घरी आले तेव्हा मामाने पिठलं केलं होतं.

"किती लावलीस?"

"ते सांगता येत नाही, मामा."

"बरं. किलोमीटरसाठी कमी केलीस की वहीसाठी वाढवलीस?"

"वाढवली. वहीचा उल्लेखही केलाय."

त्याने मान हलवली. भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली.

"वही कुणाच्या अक्षरात आहे?"

"त्या मेकॅनिकच्या."

"त्याचं नाव घातलंस अहवालात?"

नव्हतं घातलं. गाडीच्या तिन्ही मालकांची नावं होती, तारखांसकट. सकाळी ऑफिसला पोचल्यावर मी अहवाल पुन्हा उघडला.